टाकतात तो कचरा

प्रिय ताई,

आधीच सांगून ठेवते, हे पत्र प्रेमाने लिहिलेलं नाही. 'प्रिय' लिहिलं ते सवयीने, आणि दुसरं काही लिहिलं असतं तर तू पुढचं वाचायच्या आधी तेच दुरुस्त करत बसली असतीस म्हणून. मला राग आलाय. साधासुधा नाही, तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात तसा. सकाळी चहात साखरेऐवजी मीठ पडलं आणि मी तो तसाच प्यायले, कारण ओतून द्यायला उठले असते तर वाटेत हाताला लागेल ते फोडलं असतं. समोर बसलेल्या आमच्या ह्यांनी तोंडासमोर वर्तमानपत्र धरलंय ते अजून खाली घेतलेलं नाही. पान उलटल्याचासुद्धा आवाज नाही. शहाणा माणूस आहे.

माझ्या अक्षराला हसायचं तर हस, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायच्या तर काढ. पण शेवटपर्यंत वाच. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मी तोंड उघडलं की तुझं 'अगं पण' तयार. इथे तुझ्या 'अगं पण'ची सोय नाही. आज मी बोलणार आणि तू ऐकणार, असं आपल्या आयुष्यात पहिल्यांदाच घडतंय.

तर तुझं कपाट. शाळेतून निवृत्त होऊन तू आणि भावजी त्या दोन खोल्यांच्या घरात राहायला गेलात, तेव्हा तुझं शिवणकामाचं कपाट माझ्या मागच्या खोलीत आलं. 'तात्पुरतं' हा तुझा शब्द. तेव्हापासून मी त्या कपाटाची राखणदार. वरच्या कप्प्यात लोकर, फिक्यापासून गडदपर्यंत लावलेली. मधल्यात भरतकामाचं रेशीम, काचेच्या बरण्यांमध्ये. खाली लेसची भेंडोळी, बटणांचे डबे, क्रोशाच्या सुया, लाकडी रिंगा, आणि मऊ फडक्यात गुंडाळलेली ती मोठी कात्री, जिने कागद कापला तर पाप लागतं. बघायचं, पुसायचं, हात लावायचा नाही. माझ्याच घरात मी त्या कपाटासमोरून अंग चोरून जायची. एकदा बियांचं पाकीट त्या कात्रीने कापलं, तर पुढच्या भेटीत तू पात्याला अंगठा लावून बघितलास आणि परत जाईपर्यंत माझ्याशी हवापाण्यापलीकडे एक शब्द बोलली नाहीस. सख्खी बहीण!

आणि मागच्या महिन्यात तू फोनवर, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, ठेवता ठेवता म्हणालीस, "ते कपाटातलं सामान वापरून टाक गं. बागेत-बिगेत लागेल तुला." मी इतकी हरखले की का, कशासाठी, काहीसुद्धा विचारलं नाही. फोन ठेवला, कपाट उघडलं, मोरपंखी रेशमाच्या लडी घेतल्या आणि बागेत जाऊन टोमॅटोची सगळी रोपं काठ्यांना बांधली. सुतळी संपली होती, पण असती तरी मी रेशीमच घेतलं असतं. उन्हात ते असं चमकायला लागलं की शेजारचे चष्मेवाले कुंपणापाशी आले आणि विचारू लागले, टोमॅटोंचं लग्न आहे का. मी म्हटलं, आहे, पण तुम्हाला बोलावणं नाही. फार मजा आली, ताई. लहानपणी तू गाढ झोपलेली असताना तुझी शिवणाची पेटी उघडून बघायचे, तशी मजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झारीने पाणी घालत होते. घालत होते, टाकत नव्हते. मनातल्या मनात शब्द दुरुस्त करायची ही खोड तूच लावलेली. भाजीत मीठ टाकू का, असं मी विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं, "टाकतात तो कचरा. मीठ घालतात." टाका घालतात, दोरा ओवतात, बटण लावतात, झाडाला पाणी घालतात, आणि टाकतात तो कचरा. शाळेतल्या मुली मागून तुला कचराबाई म्हणायच्या. तुला ते ठाऊक होतं आणि तुला त्याचा अभिमानही होता. 'करून टाक', 'देऊन टाक' हे सगळं जग म्हणतं, त्यात चूक काही नाही, पण तुझ्या तोंडून ते मी कधी ऐकलं नव्हतं. 'वापर' म्हणाली असतीस तर मी आजही खुळ्यासारखी नाचत असते. तू म्हणालीस, वापरून टाक. घर बंद करून लांबच्या गावाला निघालेलं माणूस उरलेलं दूध शेजारणीच्या हातात देताना म्हणतं ना, तसं. माझ्या हातातली झारी कलली ती कललीच. चपला भिजून चिखल झाला तरी मी तिथेच उभी.

मी आयुष्यभर टेलिफोनच्या चौकशी विभागात बसले. लोक नंबर विचारायचे आणि मला आवाजावरून कळायचं, कोणाला खरंच डॉक्टर हवाय आणि कोणाला नुसतं कुणाशी तरी बोलायचंय. तुझा त्या दिवशीचा आवाज मी आठवून बघितला. फार नीटनेटका होता. इस्त्री केलेला. असा आवाज काढणाऱ्या माणसाला मी कधी नंबर देऊन मोकळी झाले नाही, आधी विचारायची, बरं आहे ना सगळं? आणि तुला मात्र विचारलं नाही.

मग मी तू आंघोळीला जातेस ती वेळ साधून भावजींना गाठलं. बिचाऱ्यांना लपवाछपवी जमत नाही. आधी ते तिकडच्या हवेबद्दल बोलू लागले. मग म्हणाले, "तिने शपथ घातलीये." शपथ घातलीये म्हटल्यावर लपवायला उरलं काय? सगळं सांगितलं त्यांनी. तुझ्या उजव्या काखेतली गाठ. ती चांगली नाही. लवकर शस्त्रक्रिया केली तर तू बरी होशील अशी सर्जनला चांगली आशा आहे. पण गाठ हाताच्या नसांना चिकटलीये, ती काढताना नसाही जाणार, आणि उजव्या हाताची बोटं पुन्हा सुई धरतील असं त्यांना वाटत नाही. हे ऐकून तू म्हणे चष्मा काढून पुसलास आणि म्हणालीस, "मग राहू दे." घरी आल्यावर भावजींना म्हणालीस, "हात गेल्यावर मी उरते कुठे?" आणि वर हेही, "धाकटीला कळू देऊ नका, ती आकांडतांडव करेल."

बरोबर ओळखलंस. हे घे आकांडतांडव.

मला का नाही सांगितलंस? तुझ्या खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरणीला माहीत, भावजींच्या बुद्धिबळाच्या मित्राला माहीत, आणि पाठची बहीण इकडे टोमॅटोंची लग्नं लावतेय! आधी मला माझाच राग आला, मग भावजींचा, मग तुझा आला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. आई गेली त्या दिवशी तूच मला म्हणाली होतीस ना, आता आपण दोघीच, एकमेकींपासून काही लपवायचं नाही? मी शब्द पाळला. माझी पाळी गेली तेव्हापासून ते ह्यांच्या मूळव्याधीपर्यंत सगळं तुला सांगत आले. तुला ऐकायचं नव्हतं तेही सांगितलं. आणि तू तुझ्या जिवावरचं दुखणं भावजींच्या गळ्यात शपथ बांधून लपवलंस. ते काय रोज तुझ्यासमोर बसून जेवत नाहीत? त्यांच्या घशाखाली घास कसा उतरत असेल, याचा विचार केलास का कधी?

पण खरा राग त्याचाही नाही. खरा राग त्या वाक्याचा आहे. हात गेल्यावर मी उरते कुठे! तू काय बोललीस ते तुला तरी कळलं का? ज्याच्या हाताला सुई धरता येत नाही तो माणूस उरतच नाही, असंच ना? मग मी कोण गं? माझ्या हाताला वळण नाही हे आईने मी शाळेत जायच्या आधीच जाहीर केलेलं. तू मला साखळीटाका शिकवायला बसलीस आणि मी रुमाल माझ्या फ्रॉकलाच शिवून घेतला. उठले तशी रिंग लोंबकळत माझ्याबरोबर आली. तू हसून हसून रडलीस. त्यानंतर तू भरत गेलीस, बक्षिसं आणत गेलीस, आल्यागेल्याला आई तुझ्या उशा आणि तुझे पडदे दाखवत गेली, आणि मी बाजूला बसून तुझ्या दोऱ्यांचा गुंता सोडवत गेले. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. खरंच नाही. कारण माझ्या डोक्यात कधी आलंच नाही की माणूस म्हणजे त्याच्या हातचं काम. माझा संसार झाला, नोकरी झाली, बाग झाली, आणि इतक्या वर्षांनी तू मला कळवतेस की तुझ्या लेखी मी कधी नव्हतेच. तुला तसं म्हणायचं नव्हतं? मग स्वतःबद्दलही म्हणू नकोस. जो न्याय मला तोच तुला.

रागाच्या भरात मी काय केलं ते ऐक. तुझ्या कपाटातली ती रुंद पांढरी लेस काढली आणि तिने माझा उजवा हात कमरेशी बांधून घेतला. गाठ ह्यांनी मारली, दर वेढ्याला "डॉक्टरांना बोलावू का, तुझ्यासाठी म्हणतोय" असं विचारत. सकाळी बांधला तो दिवेलागणीला सोडला. खोटं सांगणार नाही, हाल झाले. केस विंचरता आले पण बांधता आले नाहीत. बटणं ह्यांनी लावली, तीही चुकीच्या काजात. बरणी गुडघ्यांत धरून झाकण उघडायला गेले तर निम्मी साखर जमिनीवर. शेवटी तुझी सुई घेऊन बसले. उशीत खोचून बघितली, दातात धरून बघितली, सगळे उपाय केले. दोरा ओवला गेला नाही तो नाहीच. तेव्हा मात्र मी रडले. तुझं काय जाणार आहे ते मला त्या वेळी कळलं. ते लहान नाही. 'सवय होईल' वगैरे समजुतीचं मी काही बोलणार नाही, कुणी बोललं तर मीच त्याला घराबाहेर काढीन.

पण बाकीचा दिवसही सांगायला हवा. झारी अर्धीच भरली तर डाव्या हाताने नेता येते. शेंगा तोडता येतात, वेल जरा ओढला जातो, पण तो तक्रार करत नाही. पुदिन्याचं पान चुरगळून हुंगायला दोन बोटं पुरतात. चहा दुसऱ्याने करून दिला की जास्त चांगला लागतो, हे मला या वयात समजलं, आणि आता मी हात सोडला तरी ह्यांची त्यातून सुटका नाही. दुपारी बाकावर पडून राहिले. चिमण्या टोमॅटोच्या गाठींतले रेशमाचे धागे उपसत होत्या, एक चिमणी तर सबंध मोरपंखी धागा घेऊन उडाली. कुठल्या वळचणीला नेतेय ते मी मान वळवून वळवून बघत राहिले. बघायला हात लागत नाहीत. संध्याकाळी चष्मेवाल्यांनी कुंपणावरून विचारलं, हाताला काय झालं? मी म्हटलं, माझ्या नाही, बहिणीच्या झालंय. नेहमी टवाळी करणारा माणूस, पण तसेच वळले. घरात गेले, त्यांच्या झाडाची लिंबं आणली, बाकावर ठेवली आणि परत गेले.

त्यानंतर मी तुझ्या कपाटावर तुटून पडले. तू टाक म्हणालीस ना? मग घे. जाड करडी लोकर बागेतल्या नळाला गुंडाळली, थंडीत पाइप फुटतो म्हणून. सोनेरी लेसच्या झिरमिळ्या कापल्या, त्याच मोठ्या कात्रीने, आणि हो, कात्री हातात होती तर मुद्दाम थोडा कागदही कापला. त्या झिरमिळ्या पक्ष्यांना पळवायला लावल्या. पक्षी पळाले नाहीत, लांबलांबचे बघायला आले. शिंपल्याची बटणं काठ्यांना चिकटवली, एक बटण तिथे वांगी, दोन तिथे मिरच्या. लक्षात राहील असं वाटलं होतं, राहिलं नाही. क्रोशाच्या दोऱ्याची जाळी करून त्यावर शेंगांचा वेल चढवला. त्यातल्या गाठी तुला बघवणार नाहीत, पण वेल कुंपणाच्या वर गेलाय आणि रोज मूठभर शेंगा देतोय. रोज संध्याकाळी मी तिथे बसते, आणि राग असतोच, पण रागातही बरं वाटतं. तुला हे सांगायला मला लाज वाटत नाही.

सगळ्यात खालच्या कप्प्यात तुझा टेबलक्लॉथ मिळाला. पानांची वेलबुट्टी, दोन कडा पुऱ्या भरलेल्या, तिसरी मध्येच सोडलेली, सुई तशीच टोचलेली आणि गंजलेली. तू तो मला कधी दाखवला नव्हतास. अर्धवट काम कुणाला दाखवायचं नसतं ना तुझ्याकडे! मी सुई काढली, कापड धुतलं आणि बागेतल्या टेबलावर अंथरलं. आता आम्ही दोघं रोज त्यावर चहा पितो. एका कोपऱ्यावरून गोगलगाय चालून गेलीये, चहाचा एक डाग पडलाय, ह्यांचा, आणि बिनभरलेल्या बाजूला माझी खुर्ची असते. अर्धा भरलेला असला तरी टेबल पुरतं झाकलं जातं. तू ये आणि बघ, आणि माझ्यावर ओरडायचं तर ओरड.

ताई, मला भीती वाटते. हे एवढं चिडणं त्याचंच आहे, तुला कळलं असेलच, तू काही माझ्यासारखी मंद नाहीस. तू नसशील तर आईचा धपाटा, बाबांचं शिंकणं, आपल्या खोलीतली ती करकरणारी खाट, हे मी कुणाला विचारू? ते सगळं खरंच घडलं होतं असं म्हणायला तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. तुझ्या भरलेल्या उशा माझ्याकडे आहेत, मी रोज त्यांवर डोकं ठेवते. त्या फार सुंदर आहेत. पण त्यांना फोन करता येत नाही आणि त्या मला मूर्ख म्हणत नाहीत.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. पाकिटावर तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? भावजींनी ते तुझ्या हातात दिलं आणि बाहेर जाताना दार लोटून घेतलं असेल. त्या दारापलीकडे, तुझ्या स्वयंपाकघरात, तू हे वाचत असशील तेव्हा मी बसलेली असेन. सर्जनने दिलेली तारीख रद्द केली असं भावजी तुला म्हणाले होते. केलेली नाही. उद्या सकाळी तुला दवाखान्यात दाखल व्हायचंय, आणि त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलून ती जागा तुझ्यासाठी धरून ठेवलीये. त्यांच्यावर चिडू नकोस, चिडायचं तर माझ्यावर चीड. समोरासमोर बोलायला लागले असते तर तू म्हणाली असतीस, आधी रडणं थांबव, मग बोल, आणि मी मुकाट्याने गप्प बसले असते, जन्मभर बसत आले तशी. म्हणून घरून लिहून आणलं. नाही म्हणायचं असेल तर ते बाहेर येऊन, माझ्याकडे बघून म्हण. शपथा घालून, निरोप ठेवून नाही. आणि हो म्हणणार असशील तर उद्यापासून तुझे केस मी बांधीन. भांग वाकडा पडेल, वेणी सुटेल, तुला ते चालवून घ्यावं लागेल. मला तुझ्या हातचं काही नको ताई, मला तू हवी आहेस. पत्र खाली ठेव आणि दार उघड.

तुझीच,
धाकटी